शुक्रवारचं पत्रक

गुरुवारी दुपारी चारपर्यंत आलेला मजकूर या आठवड्यात, त्यानंतरचा पुढच्या, असा नियम मीच घातला आहे आणि बहुतेक गुरुवारी तो मीच मोडते. चार वाजून गेल्यावर नर्सिंग विभागातलं कुणीतरी धापा टाकत येतं, ‘एवढं एक घे ना’ म्हणतं, आणि नर्सिंगवाल्यांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. मग अंधार पडेपर्यंत बसून ठरवायचं, वर काय घ्यायचं. रात्रपाळीच्या सफाई कर्मचाऱ्याचा निरोप समारंभ, की मागच्या टेकडीवरचं वाळलेलं गवत खायला सोमवारी शेळ्या येणार आहेत ही सूचना? कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या तोंडाला वणव्याची भीती असते, म्हणून शेळ्यांचा कळप भाड्याने आणतात. शेळ्या वर घेतल्या की पत्रक जास्त लोक उघडतात, हा माझा अनुभव. निरोप समारंभ वर घेतला की मला बरं वाटतं. बहुतेक वेळा मी निरोप समारंभच वर घेते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी प्रेसिडेंटच्या ऑफिसात आहे. प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचे प्राचार्य. माझ्या पदाचं नाव दीड ओळीचं आहे, पण काम ओळखीचंच: फोन, मीटिंगांची इतिवृत्तं, रुसलेल्या विभागप्रमुखांची समजूत, आणि दर शुक्रवारी सकाळी सगळ्या स्टाफला जाणारं पत्रक. कुणाची नेमणूक झाली, कोण निवृत्त होतंय, कुणाचे वडील गेले, कुठला पार्किंग लॉट बंद आहे, सगळं त्यात. माझे वडील कराडजवळच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होते. तिथे असलं पत्रक नव्हतं. शिपाई नोटिशीची वही घेऊन वर्गावर यायचा, सर खडू खाली ठेवून सही करायचे आणि वाचून दाखवायचे. ‘शोकसभेनंतर कॉलेज सुटेल’ या वाक्यावर मागच्या बाकांवरून टाळ्या पडायच्या आणि सर ओरडायचे. वडील म्हणायचे, कॉलेज बघायचं असेल तर माहितीपुस्तिका वाचू नये, नोटिशीची वही वाचावी. मी तेच काम करते, फक्त वही राहिली नाही.

भारतात गेले की कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक घरात नव्याने सांगावं लागतं. आयटीआय का? आपलं अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज का? प्रौढ शिक्षण का? खरं म्हणजे तिन्हीतलं थोडं थोडं, शिवाय बी.ए.-बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं. अमेरिकेतलं पहिलं सरकारी असं कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली निघालं, हायस्कूललाच जोडून. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नोत पहिलं कॉलेज उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता यावं म्हणून १९४४ चा कायदा आला, त्याने या कॉलेजांचे वर्ग भरले. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने गावोगाव अशी कॉलेजं काढा असं सांगितलं, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं.

आमच्या राज्याचा पाया मात्र १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे प्रमुख क्लार्क कर यांच्या पुढाकाराने झालेली ही वाटणी अशी: हायस्कूलमधल्या वरच्या एक अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी. सगळ्यांसाठी म्हणजे खरोखर सगळ्यांसाठी. मार्क नाहीत, प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, डोनेशन तर नाहीच. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत २० लाखांच्या आसपास माणसं शिकतात. माणसं हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण सगळी मुलं नाहीत. संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात आजोबा असतात.

१९८४ पर्यंत इथे शिकायला फीच नव्हती. त्या वर्षी एका युनिटला, म्हणजे आपल्याकडच्या क्रेडिटला, ५ डॉलर लावले तर केवढा गहजब झाला होता, असं जुने लोक अजून सांगतात. २०१२ पासून हा दर ४६ डॉलर आहे. पूर्ण वर्षाची ३० युनिटं घेतली तर १,३८० डॉलर होतात, आणि गरजूंना तेही माफ होतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची वर्षाची फी याच्या दहापट आहे. हा दर राज्यात राहणाऱ्यांचा. परदेशातून व्हिसा घेऊन थेट शिकायला येणाऱ्याला कितीतरी पट भरावे लागतात, तेव्हा पुण्याहून फोन करून ‘आमच्या पोराला ४६ डॉलरवाल्यात घालता येईल का’ असं विचारू नये. विचारतात.

आता पत्रकाकडे वळते. एखाद्या ठिकाणी कोण मोठं, कोण छोटं, हे बातम्यांच्या लांबीवरून कळतं.

मार्चच्या पत्रकात सगळ्यात मोठी बातमी असते ती टेन्युअरची, म्हणजे नोकरीत कायम होण्याची. कॅलिफोर्नियात पूर्णवेळ प्राध्यापकाला चार वर्षं पारखतात. वर्गावर येऊन बसतात, विद्यार्थ्यांकडून अभिप्राय घेतात, कमिटी अहवाल लिहिते. पहिला करार एक वर्षाचा, दुसरा एक वर्षाचा, तिसरा दोन वर्षांचा. कायम करायचं की नाही हे १५ मार्चच्या आत कळवावं लागतं, असा कायदाच आहे. त्या आठवड्यात काही माणसं कॉरिडॉरमधून भिंतीच्या कडेने चालतात. मग बोर्डाची मीटिंग होते, आणि शुक्रवारी फोटोसकट नावं छापून येतात. केक असतो. बोर्ड म्हणजे आपल्याकडच्या संस्थेची कार्यकारिणी, फरक एवढाच की आमचे ट्रस्टी नोव्हेंबरच्या निवडणुकीत आजूबाजूच्या गावांतले मतदार निवडून देतात. कॉलेजची नवी इमारत बांधायची तर कर्जरोख्यांना याच मतदारांची ५५ टक्के मतं लागतात, आणि फेड त्यांच्याच घरपट्टीतून होते. त्यामुळे शेजारचा माणूस पार्किंगबद्दल तक्रार करायला फोन करतो तेव्हा तो स्वतःला मालक समजूनच बोलतो. ते खोटंही नाही.

टेन्युअरवाल्यांच्या फोटोत जे नसतात त्यांच्याबद्दल लिहायला हवं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माणसं पार्ट-टाइम आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन समजेल: हे इथले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. मराठवाड्यातल्या कॉलेजात नेट-सेट, पीएच.डी. झालेला मुलगा तासावर पैसे घेतो, सुट्टीत बिनपगारी बसतो आणि जागा निघण्याची वाट बघत केस पांढरे करतो. त्याचा हा अमेरिकन भाऊ. इथे कायद्याने एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांवर काम त्याला देता येत नाही. त्याहून जास्त दिलं तर त्याला कायम करावं लागेल ना. मग तो काय करतो? सकाळी आमच्याकडे दोन तास घेतो, दुपारी चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी तिसरीकडे. अशांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. त्यांचं ऑफिस म्हणजे गाडीची डिकी: एका खोक्यात आमच्या कॉलेजचे पेपर, दुसऱ्यात त्या दुसऱ्या कॉलेजचे, मध्ये डब्याची पिशवी. विद्यार्थ्यांना भेटायची वेळ असते, पण बसायला खोली नसते, म्हणून कॅफेटेरियातल्या मायक्रोवेव्हशेजारच्या टेबलावर ते कॅल्क्युलस समजावून सांगतात.

१९८८ च्या एका कायद्याने ध्येय ठेवलं की ७५ टक्के शिकवणं पूर्णवेळ शिक्षकांनी करावं. ते ध्येय राज्याने आजवर गाठलेलं नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात पार्ट-टाइम शिक्षकांच्या आरोग्य विम्यासाठी दरवर्षी २० कोटी डॉलर वाढवून दिले, ही त्यातल्या त्यात मोठी गोष्ट. ती बातमी मी सगळ्यात वर घेतली होती, शेळ्यांच्याही.

पत्रकात ‘नवीन नेमणुका’ असं सदर आहे. त्यात पार्ट-टाइम शिक्षकांची नावं येत नाहीत. मी एकदा घालून बघितली. यादी मागितली ती टर्म निम्मी संपल्यावर आली, त्यातले दोघं तोवर सोडून गेले होते, आणि वरून विचारणा झाली की एवढी लांब यादी कोण वाचणार? ‘निवृत्त’ या सदरातही ते नसतात, आणि मला जास्त खुपतं ते हे. पार्ट-टाइमवाला निवृत्त होतच नाही. पुढच्या टर्मला त्याला वर्ग मिळत नाही, एवढंच. टपालाच्या खणावरची त्याच्या नावाची पट्टी कुणीतरी काढतं आणि दुसरी लावतं. एक बाई आमच्याकडे इतकी वर्षं इंग्रजी शिकवत होत्या की त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीची मुलगी त्यांच्या वर्गात बसली होती. त्या गेल्या तेव्हा केक नव्हता. मी ‘सहज आठवण’ असं बिनबुडाचं शीर्षक देऊन चार ओळी टाकल्या. त्या चार ओळींना जेवढी उत्तरं आली तेवढी प्रेसिडेंटच्या नववर्ष संदेशालाही येत नाहीत.

अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध कम्युनिटी कॉलेज शिक्षिकेचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. जिल बायडन व्हर्जिनियात नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजमध्ये लेखन शिकवत. नवरा उपाध्यक्ष असतानाही शिकवत होत्या आणि अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. व्हाइट हाउसमध्ये राहून बाहेर पूर्णवेळ पगारी नोकरी करणारी ती पहिलीच फर्स्ट लेडी. त्यांच्या कॉलेजच्या पत्रकात त्यांची बातमी कशी छापत असतील, हा विचार माझ्या मनात धंद्याच्या सवयीने येतो. ‘विमानात पेपर तपासले’ असं काहीतरी?

शिकवणाऱ्यांखेरीज कॉलेजात दुसरा अर्धा स्टाफ असतो, तो मी ज्यात मोडते तो. शिक्षकेतर कर्मचारी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात राज्यभर आमचा सप्ताह साजरा होतो आणि त्यात एक दिवस डीन लोक एप्रन बांधून आम्हाला पॅनकेक करून वाढतात. एक बाजू करपलेली असते. आम्ही खातो, कारण वर्षातून एकदाच खायचे असतात.

ज्यांच्या निरोप समारंभाची बातमी शेळ्यांच्या वर गेली ते आमचे रात्रपाळीचे सफाई कर्मचारी. फिलिपिन्सहून आलेले, बोलायला कमी. बातमीसाठी माहिती हवी होती म्हणून मी एका रात्री दहाला, त्यांची पाळी सुरू होताना थांबले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, प्रत्येक किल्लीला रंगीत चिकटपट्टी. निळी पट्टी विज्ञान इमारत, लाल पट्टी व्यायामशाळा. पिवळी कुठली, मी विचारलं. ती जुन्या लायब्ररीची, म्हणाले. जुनी लायब्ररी पाडून तिथे नवी इमारत उभी राहून बरीच वर्षं झाली. ‘कुलूप गेलं, पण किल्ली परत कुणी मागितलीच नाही.’ मग त्यांनी मला कॉलेज दाखवलं, जे मला माहीत आहे असं मी समजत होते. कुठल्या खोलीत लोक च्युइंगगम टेबलाखाली चिकटवतात, कुठला प्रोफेसर स्वतः फळा पुसून, खुर्च्या सरळ करून जातो (कायदा शिकवणारे एकच), कुठल्या जिन्याखाली परीक्षेच्या आठवड्यात मुलं झोपलेली सापडतात. गणित विभागातल्या एका खोलीत फळ्याच्या कोपऱ्यात एक सिद्धता लिहिलेली होती आणि तिच्याभोवती चौकट करून ‘पुसू नये’. लिहिणारे प्रोफेसर निवृत्त होऊन गेले होते. यांनी तो कोपरा सोडून बाकीचा फळा पुसायचा नियम ठेवला होता, रोज. बरोबर आहे की चूक ते मला कळत नाही म्हणून, असं म्हणाले.

त्यांची मुलगी इथेच नर्सिंग शिकली. दिवसा ती ज्या वर्गात बसायची तो वर्ग रात्री वडील झाडायचे. आता ती शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात आहे. हे मी बातमीत घालू का, असं विचारलं तर आधी नको म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी तिच्या पदवीदानाचा फोटो पाठवला.

कॅम्पसवरच्या बातम्या वाचताना एखाद्याला वाटेल हे कॉलेज आहे की ग्रामपंचायत. दंतसेवेच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी दात हवे आहेत, कमी पैशांत स्वच्छ करून मिळतील, तीन तास लागतील. ऑटो शॉपला जुन्या टोयोटा हव्यात. बालविकास विभागाच्या पाळणाघरात दोन जागा आहेत. अग्निशमन प्रशिक्षणार्थी बुधवारी मागच्या मैदानात धूर करणार आहेत, कृपया ९११ ला फोन करू नये. एका वर्षी हे शेवटचं वाक्य घालायचं राहिलं होतं आणि खरेखुरे बंब आले.

पण हसू थांबवणाऱ्या ओळीही त्याच पानावर असतात. ‘फूड पॅन्ट्री मंगळवार ते शुक्रवार उघडी.’ २०२१ मध्ये राज्याने कायदा केला की २०२२ च्या जुलैपर्यंत प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात गरजा भागवणारं एक केंद्र असलं पाहिजे: शिधा, घर शोधायला मदत, सरकारी योजनांचे फॉर्म. आमच्याकडे ते पुस्तकांच्या दुकानाच्या जुन्या जागेत आहे. तांदूळ, मसूर, टोमॅटोचे डबे, बाळाचे डायपर. तिथे काम करणाऱ्या मुलीने मला सांगितलं की लोक पाकीट आत घालायला दुकानाची छापील पिशवी घेऊन येतात, शिधा घेतल्याचं दिसू नये म्हणून. तेव्हापासून पॅन्ट्रीची सूचना मी स्टाफसाठीही टाकते. गरज स्टाफलाही पडते. डिकीत खोकी घेऊन फिरणाऱ्यांपैकी काहींना मी त्या रांगेत पाहिलं आहे.

आणखी एक ओळ असते: ‘व्यायामशाळेतील शॉवर सकाळी सहा ते आठ.’ पत्रक उघडणाऱ्या नव्या माणसाला वाटतं, खेळाडूंसाठी असेल. २०१६ च्या कायद्याप्रमाणे, घर नसलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजने आपले शॉवर वापरू द्यावे लागतात. बे एरियात घरभाडं असं आहे की नोकरी करून शिकणारा मुलगा गाडीत राहतो, यात इथे कुणाला नवल वाटत नाही. लॉस एंजेलिसजवळ लाँग बीच सिटी कॉलेजने २०२१ मध्ये अशा मुलांना रात्री गाडी सुरक्षित लावून झोपायला पार्किंगची जागा उघडून दिली. ‘कुणालाही परत पाठवायचं नाही’ असं १९६० मध्ये कागदावर लिहिणं सोपं होतं. आज त्याचा अर्थ शॉवरचं वेळापत्रक असा होतो, आणि ते सहा वाजता उघडायला कुणीतरी साडेपाचला घरून निघतं.

ज्यांना परत पाठवायचं अशीही एक जात मात्र निघाली. २०२१ च्या सुमारास आमच्या हजेरीपटांवर भुतं यायला लागली. खोटी नावं, खोटे पत्ते, संगणकाने भरलेले अर्ज. ऑनलाइन वर्गात नाव घालायचं, सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे उचलायचे आणि पसार. दार सताड उघडं ठेवलं की चोरही शिरतो. तेव्हापासून टर्मच्या पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या पत्रकात ठळक अक्षरांत असतं: कृपया पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून काहीतरी लिहून घ्या, न लिहिणाऱ्याचं नाव काढा. भुतांनी जागा अडवल्यामुळे खरी मुलं वेटिंग लिस्टवर राहतात. आमचे एक इतिहासाचे प्राध्यापक सगळ्यांना ‘तुम्ही आज काय जेवलात’ एवढंच विचारतात. भुतं छान व्याकरणात उत्तर देतात, म्हणे, पण त्यांच्या जेवणात कधी कालचं उरलेलं नसतं.

आता आपल्या लोकांबद्दल, कारण हा लेख मराठीत आहे.

बे एरियात मराठी माणूस भरपूर. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात मला ओळखीचे बाजूला घेतात आणि आवाज खाली करून विचारतात. मुलाला बर्कलीत मिळालं नाही, आता तुमच्या कॉलेजात... पण कुणाला सांगू नका. सांगायला काय झालं? इथे दोन वर्षं नीट केली तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसमध्ये, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, अटी पूर्ण करणाऱ्याला तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची हमी मिळते. बर्कली आणि लॉस एंजेलिस हमी देत नाहीत, पण तेही कम्युनिटी कॉलेजातून मोठ्या संख्येने मुलं घेतात. पदवीच्या कागदावर युनिव्हर्सिटीचंच नाव येतं. पहिली दोन वर्षं कुठे काढली ते त्यावर नसतं. टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबो कॉलेजात शिकला, आमच्याच खाडीकाठी, आणि आयुष्यात जे झालं त्याचं श्रेय त्याने जाहीरपणे त्या कॉलेजला दिलं आहे. तो कुणाच्या घरी जेवायला आला तर तेच आईबाप फोटो काढतील.

मुलांपेक्षा मला समाधान देतात त्या बायका. नवऱ्याच्या नोकरीमागे एच-फोर व्हिसावर आलेल्या, नागपूर-नाशिकच्या इंजिनिअर, बँकेतल्या, शिक्षिका. २०१५ मध्ये त्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळायची सोय झाली, त्याआधी घरात बसणं एवढंच होतं. त्या आमच्याकडे अकाउंटिंगला येतात, बालशिक्षणाला येतात, काही नुसत्या कुंभारकामाला येतात. एकीने इथे बालशिक्षणाची प्रमाणपत्रं घेतली आणि आता ती आमच्याच पाळणाघरात लागली आहे. तिचं नाव ‘नवीन नेमणुका’त टाइप करताना आडनावाचं स्पेलिंग मला कुणाला विचारावं लागलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या एक काकूही आहेत, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. ज्येष्ठांसाठीच्या बिनफीच्या इंग्रजी वर्गात बसतात आणि शिक्षिकेला दर गुरुवारी डब्यातून काहीतरी आणतात. त्या शिक्षिकेने ‘शिरा’ हा शब्द माझ्याकडून नीट लिहून घेतला.

भारतातही हा प्रयोग झालेला आहे, हे फार जणांना माहीत नसतं. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि चेन्नईत मद्रास कम्युनिटी कॉलेजने १९९६ मध्ये सुरुवात केली, आणि यूजीसीने २०१३ मध्ये देशभरातल्या कॉलेजांसाठी योजना आणली. नाव तेच, पण बहुतेक ठिकाणी आधीच्या कॉलेजातला एक कौशल्य अभ्यासक्रम एवढंच त्याचं रूप राहिलं. इथल्या कॉलेजचं बळ अभ्यासक्रमात नाही असं माझं मत आहे. ते दहावीला गणितात नापास झालेला, मध्ये आठ वर्षं ट्रक चालवलेला माणूस पुन्हा खिडकीशी आला तर ‘मार्कशीट कुठे आहे’ असं न विचारण्यात आहे. २०१७ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात त्याला पूर्वतयारीच्या वर्गांच्या साखळीत अडकवणंही जवळपास बंद केलं. तो थेट कॉलेजच्या संख्याशास्त्राला बसतो, सोबत जादा मदतीचा तास. गणितवाले यावर अजून दोन गटांत भांडतात, दोन्ही गट मला मजकूर पाठवतात, आणि मी दोघांचाही कापते.

पदवीदान मे महिन्यात मैदानावर होतं. टोप्यांवर मुलं काहीबाही चिकटवून आणतात, गळ्यात फुलांचे हार, नोटांचे हार, कडेवर स्वतःची मुलं. नावं वाचणाऱ्या प्राध्यापकांसाठी मी उच्चारांची यादी करते. ती यादी करणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. प्रत्येकाला फोन करून विचारायचं. व्हिएतनामी नुयेन, इथिओपियातली नावं, टोंगातली, पंजाबी, आणि आपली. चुकीच्या उच्चाराने आयुष्य काढलेली माणसं फोनवर क्षणभर गप्प होतात, मग सावकाश सांगतात, दोनदा. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाला मथळा लागतच नाही, नुसते फोटो.

सध्या मी ऑगस्टच्या टर्मची सूचना तयार करते आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा लेख पोचला तर एवढं सांगते: अर्ज ऑनलाइन आहे, अर्जाला पैसे पडत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण किंवा हायस्कूल पास, यापलीकडे काही लागत नाही, आणि वयाला वरची मर्यादा नाही. आई, सासू, कुणालाही आणा. जवळचं कॉलेज गाडीने बहुधा वीस मिनिटांवर असतं. पहिल्या आठवड्यात जरा लवकर निघा, पार्किंग मिळत नाही.